हात लावू नये

४ फेब्रुवारी

आईचं जाणं ठरलं. ३० मार्च, सकाळी. कायमची दादाकडे. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, आमच्याकडे तीन मजल्यांचे जिने आहेत आणि आईच्या गुडघ्यांनी जिन्यांशी संबंध तोडले आहेत. कारण खरं आहे. पण खऱ्या कारणाचाही फायदा उठवणारी माणसं असतात, एवढं नोंदवून ठेवतो.

जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. ती मधे आणि दोन बाजूंना आम्ही दोघं मुलगे, असा एक फोटो. असा शेवटचा फोटो निघाला तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. मी हो म्हटलं. दादाशी मी दोन वर्षं बोललेलो नाही, पण फोटोत बसायला बोलावं लागत नाही.

बायको म्हणाली, मग त्यात काय एवढं, माझ्या फोनवर काढू.

६ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर तेच डोक्यात. आमच्या प्रयोगशाळेत लोकांचे तराजू, वजनं, थर्मामीटर तपासायला येतात. गेली एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका मिलिग्रॅममध्ये सांगत आलो आहे. अशा माणसाने आईचा फोटो फोनवर काढावा हे पटत नाही. शिवाय आईला बारीक दिसत नाही. तिला मोठा, स्पष्ट फोटो हवा. म्हणजे मोठी फिल्म हवी. म्हणजे जुना मोठा कॅमेरा हवा: लाकडी, पितळी स्क्रूंचा, चामड्याचा भाता असलेला, मागे धुरकट काच. स्वस्तात मिळतात असं वाचलं.

ह्यात दादाला काही दाखवून द्यायचा हेतू आहे का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

८ फेब्रुवारी

वरचं उत्तर पुन्हा तपासलं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या घरी अकरा माणसं जेवायला असताना तो म्हणाला होता की आमचा धाकटा वस्तू वापरायला घेत नाही, माळ्यावर चढवायला घेतो. अकराही जण हसले. आईसुद्धा हसली, पण तिचं मी धरत नाही. तेव्हा माळ्यावर फक्त दुर्बीण, पाव भाजायची छोटी भट्टी आणि अकॉर्डियन होतं. तिन्ही चालू स्थितीत.

त्यानंतर त्याने तीनदा फोन केला. मी घेतला नाही, कारण तो माफी मागायलाच करतोय याची खात्री नव्हती.

उत्तर तेच. हेतू नाही.

१५ फेब्रुवारी

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार दोन्ही मनगटांवर घड्याळं घालतो. दोन्हींत चार मिनिटांचा फरक. मी दाखवून दिला. म्हणाला, खरी वेळ मधे कुठेतरी असते. अशा माणसाच्या हाती वस्तूंची पारख.

त्याने काउंटरखालून एक राखाडी लोखंडी कॅमेरा काढला. दिसायला शिलाई मशीनचा चुलत भाऊ. म्हणाला, पहिलाच असेल तर हा घ्या, ह्याची फिल्म अजून मिळते, भाता धड आहे, भिंग बसवलेलं आहे, आजच फोटो काढाल. किंमत माझ्या बेतापेक्षाही कमी. म्हणजे खपत नसणार आणि माझ्या गळ्यात मारतोय. मी लाकडी विचारला. म्हणाला, लाकडी शोभेला चांगला.

हा सूर मी ओळखतो. दादाचा सूर.

१६ फेब्रुवारी

अकरा कॅमेऱ्यांचा तक्ता केला. नऊ रकाने. राखाडी लोखंडी पहिला आला. रकान्यांचं महत्त्व सारखं धरणं चुकीचं होतं; ‘लाकूड’ या रकान्याला तिप्पट गुण दिले. आता तो सातवा.

२१ फेब्रुवारी

घेतला.

जाहिरातीवरून एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. जाहिरातीत लिहिलं होतं, उत्तम लाकूड, पूर्वी नियमित वापरात. कॅमेरा जुन्या चादरीत गुंडाळून तयारच ठेवला होता. मी घासाघीस केली नाही, तरी त्यांनी स्वतःहून किंमत कमी केली. निघताना त्यांच्या पत्नीने दाराच्या दोन्ही झडपा उघडून धरल्या आणि जिन्यातला दिवा लावला. फार सभ्य घर. कॅमेरा कुठे ठेवलेला होता असं विचारलं तर म्हणाल्या, माळ्यावर.

आईने त्याच्यावरून हात फिरवला. म्हणाली, छान गुळगुळीत आहे. दादा असा हात कधी फिरवणार नाही.

२२ फेब्रुवारी

कॅमेऱ्याला भिंग नाही.

जाहिरातीतल्या फोटोत पुढे एक काळं गोल दिसत होतं. ते भोक होतं. न्यायाने सांगायचं तर भिंग आहे असं त्या गृहस्थांनी कुठेही म्हटलेलं नाही. पण भोक आहे असंही म्हटलं नाही.

बायकोने विचारलं, मग हे आत्ता काय करतं. मी म्हटलं, प्रतिमा सोडून सगळं करतं.

२४ फेब्रुवारी

परत दोन-घड्याळांकडे. त्याने ड्रॉवरमधून एक जुनं भिंग काढलं. त्याचं शटर रबरी फुग्याने चालतं: फुगा दाबला की नळीतून हवा जाते आणि शटर टिक करून उघडतं. एक फिल्म होल्डरही दिला, दोन बाजूंना दोन फिल्म बसणारा. काहीच बोलला नाही, हे बोलण्याहून जास्त लागलं.

जाताना म्हणाला, साहेब, ह्या मापाची फिल्म बनणं कधीच बंद झालं. मोठी घेऊन कापावी लागेल. पूर्ण अंधारात, चाचपडत.

मी म्हटलं, ते मी गृहीत धरलं होतं. हे खोटं होतं. आजच्या तारखेला एवढं एकच.

१ मार्च

दुपारी आईच्या न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली आणि फिल्म कापायला बसलो. बारा तुकडे. दोन तास. आई बाहेरून दोनदा विचारून गेली, अजून किती वेळ. तिला जायचं होतं. मी म्हटलं, उजेड आला तर सगळं जाईल. ती शेजाऱ्यांकडे जाऊन आली. तिसरा मजला असल्यामुळे शेजारी आहेत हे बरं.

बारापैकी आठ वाया. चारांपैकी एकाला कोपरा नाही. पण कडा उत्तम कापल्या आहेत, आमच्या प्रयोगशाळेत पास होतील.

७ मार्च

पहिली चाचणी. आईला खिडकीशी बसवलं आणि हलू नको म्हटलं. ती हलली नाही. श्वासही घेत नव्हती असं बायकोचं म्हणणं.

डेव्हलप केली. दोन्ही फिल्म शाईसारख्या काळ्या. म्हणजे उजेड कुठूनतरी शिरतोय. आई म्हणाली, आला का रे. मी म्हटलं, जरा जास्तच आला. ती म्हणाली, थोरल्याला सांगते हं, तयारी चालू आहे म्हणून. मी सांगितलं, सांगू नको.

९ मार्च

ऑफिसच्या अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घातला. त्रेचाळीस भोकं. चांदणं पडल्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक बुजवायला घेतलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, नवा भाता दोन-घड्याळांकडे तयार मिळतो. मी त्याला विचारलं नव्हतं.

काळा कपडाही हवा, डोक्यावरून घ्यायला, नाहीतर धुरकट काचेवर काही दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात मोठ्या तराजूचं आच्छादन नेमकं तसं आहे. जाड, काळं, दुहेरी. एका बाजूला पांढऱ्या दोऱ्याने मोठी अक्षरं शिवलेली आहेत: हात लावू नये. स्टोअरच्या बाईंच्या रजिस्टरात ‘तात्पुरते नेले’ लिहिलं. कशासाठी, ते लिहिलं नाही. तसा रकाना नव्हता. अक्षरं आतल्या बाजूला घ्यायची, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

१२ मार्च

बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, फोटोत तुम्ही तिघं, मग फुगा कोण दाबणार.

मी म्हटलं, त्याचा विचार झालेला आहे.

सायंकाळी ७

मत्स्यालयाच्या दुकानातून वीस फूट नळी आणली. एक टोक शटरला, दुसरं फुग्याला. मी आईशेजारी बसणार आणि फुगा पायाशी ठेवून दाबणार. खरं तर हा विचार पहिल्यापासून माझ्या मनात असणारच, नाहीतर फुग्याचंच शटर मी कसं निवडलं असतं. (दोन-घड्याळांकडे तेवढंच होतं, हे खरं. पण मी नकार दिला नाही, हेही खरं.)

१६ मार्च

फिल्म उरल्या दोन. एक अख्खी, एक कोपरा नसलेली. न्हाणीघरात बसून दोन्ही होल्डरमध्ये भरल्या. पाऊण तास. पुन्हा हे करणार नाही. आता ३० तारखेपर्यंत होल्डर उघडायचा नाही.

फोटो खालच्या आवारात काढायचा, इमारतीच्या सावलीत. आई खाली उतरली की पुन्हा वर येणार नाही, म्हणजे संधी एकच. म्हणून सराव हवा. एकूण कृतीच्या सतरा पायऱ्या पाडल्या आणि कागद तिपाईला बांधला. चौदावी पायरी होल्डरची झाकणपट्टी ओढून काढण्याची. ती काढल्याशिवाय फिल्मला उजेड दिसत नाही. सरावात अर्थातच ती काढायची नाही, आत शेवटच्या फिल्म आहेत. तेराव्यावरून सरळ पंधरावी.

१९ मार्च

सराव. सहा मिनिटं दहा सेकंद. तळमजल्यावरच्यांनी मुद्दाम आजच ओल्या चादरी वाळत घातल्या. बोललो. ते म्हणाले, तुम्ही काय मोजणी करताय का आवाराची, रस्ता जाणार आहे का इथून. मी फोटो म्हणून सांगितलं. ते आत जाऊन बायकोला घेऊन आले, बघायला.

२२ मार्च

सतरा पायऱ्यांचा कागद सगळ्यांना पाठवला: बायको, वहिनी, दादा. खाली सूचना: कृतीच्या वेळी कोणीही बोलू नये, हलू नये, सल्ला देऊ नये. कॅमेऱ्याला हात लावू नये. वहिनीने अंगठा पाठवला. बायकोने समोर बसून उघडलासुद्धा नाही. दादाचं काहीच नाही. वाचणारच नाही तो. त्याने माझी कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली नाही.

२५ मार्च

आईच्या खोलीतलं सामान बांधणं चालू आहे. ती म्हणाली, जरा दोरी धरायला ये. नेमका सराव होता. परत आलो तेव्हा तिने आणि बायकोने बांधून टाकलं होतं. दोन मिनिटं थांबल्या असत्या तर.

२८ मार्च

चाळिसावा सराव. तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंद. आता हात आपोआप चालतात, विचार करावाच लागत नाही. दादाला हे दिसायला हवं.

(आईला. आईला दिसायला हवं.)

३० मार्च, दुपारी १

झालं. क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी वेगळं सांगू नये.

दादा आणि वहिनी वेळेवर आले, माझ्यावर उपकार केल्यासारखे. दादाने आईची ट्रंक एकट्याने तीन मजले खाली नेली. मला मदत मागितली नाही, म्हणजे लोकांना दिसावं. मग खिशातून माझा सतरा पायऱ्यांचा कागद काढला. छापून आणला होता, चार घड्या घातलेला. खिल्ली उडवायलाच असणार.

आई खुर्चीत बसली. निळी साडी, हातात काठी. दादा तिच्या उजवीकडे. डावीकडची खुर्ची माझी. मी कपड्याखाली गेलो. धुरकट काचेवर सगळं उलटं दिसतं. दादा डोकं खाली, पाय वर. फोकस करायला जरा जास्त वेळ लावला. आई उलटी असूनही हसत होती.

मग होल्डर घातला, हात आपोआप चालले, येऊन खुर्चीत बसलो. फुगा हातात. तेवढ्यात दादाने कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि अरे ते, म्हणून काहीतरी सुरू केलं. सूचना स्पष्ट होती. मी त्याच्याकडे न बघता हात वर केला. तो गप्प झाला. मी फुगा दाबला.

टिक ऐकू आलं नाही. टॅक्सी चालू होती, पण टिक मला कुठेही ऐकू येतं. वीस फूट नळी, दादाच्या खुर्चीपाशी वळण. मी म्हटलं, पाय काढ नळीवरून.

दोन वर्षांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तसा बेत नव्हता.

तो म्हणाला, माझा पाय नाहीये. मी म्हटलं, तुला कोणाचंच काही पूर्ण झालेलं बघवत नाही. आणखीही म्हटलं. ते इथे लिहीत नाही, पण खोटं नव्हतं. वहिनीचा फोन समोरच होता, तिने खाली घेतला. आई म्हणाली, धाकट्या, राहू दे रे.

होल्डर उलटा केला, दुसरी फिल्म. दादाने पुन्हा बोट उचललं. मी फक्त बघितलं. त्याने बोट खाली घेतलं, कागदाची घडी घातली. फुगा दाबला. ह्या वेळी टिक स्वच्छ ऐकू आलं.

आई टॅक्सीत बसली. दादाने तिची काठी आत ठेवली. ती म्हणाली, छान येईल हो फोटो, मोठा कर. मी हो म्हटलं.

३१ मार्च

सुट्टी काढली. न्हाणीघर आता रिकामंच आहे, कोणी दार ठोठावत नाही. डेव्हलप केल्या.

दोन्ही फिल्म स्वच्छ. खिडकीच्या काचेसारख्या. मागच्या वेळी सगळं काळं, ह्या वेळी काहीच नाही.

पहिलीचं कारण उघड आहे: दादाचा पाय. दुसऱ्या वेळी टिक ऐकू आलं होतं, पण टिक खुर्चीचंही असू शकतं. दादा जड आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दादांना सांगायचं का हे असंच, की तुमचा पाय दोनदा होता. मी म्हटलं, पुरावा हाती आल्यावर.

२ एप्रिल

पुरावा घ्यायला दोन-घड्याळांकडे गेलो. त्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, मग दुसरी, मग परत पहिली. म्हणाला, साहेब, शटरचा प्रश्न नाही. ह्या फिल्मनी उजेडच बघितलेला नाही. आणि अगदी हळू आवाजात, जसं आजारी माणसाला विचारतात तसं विचारलं, झाकणपट्टी काढली होती ना.

मी म्हटलं, अर्थात. चौदावी पायरी.

त्याने आधी एका घड्याळात बघितलं, मग दुसऱ्यात.

सायंकाळी ५

शिळी फिल्म विकली असणार त्याने. घरी येऊन शांतपणे सगळं आठवलं. बारावी आठवते. तेरावी आठवते, होल्डर बसल्याचा आवाजही आठवतो. पंधरावी आठवते. चौदावी चाळीस वेळा केली आहे, त्यामुळे वेगळी आठवण राहणं शक्य नाही.

चाळीस वेळा केलेली नाही. सरावात एकदाही केलेली नाही. लिहिलं तेव्हा लक्षात आलं. खोडत नाही.

तरी पहिल्या फिल्मच्या वेळी पाय नव्हता असं ह्यातून सिद्ध होत नाही.

५ एप्रिल

वहिनीने बायकोला फोटो पाठवले. त्या दिवशी ती फोनवर काढत होती, मला न विचारता. बायकोने फोन माझ्यासमोर ठेवला आणि चहा करायला गेली.

पहिला: आम्ही तिघं. आई मधे. माझं तोंड उघडं, भुवया एकमेकींत, बोट दादाकडे. दादाचे दोन्ही पाय खुर्चीखाली मागे घेतलेले, नळीपासून हातभर लांब. नळी जमिनीवर नाहीच. त्याने ती डाव्या हाताच्या दोन बोटांत उचलून धरली आहे, आईच्या काठीला अडकू नये म्हणून. उजव्या हातात माझा कागद. फोटो मोठा करून बघितला. फोनवर भलताच मोठा होतो. कागदावर एका ओळीभोवती पेनाने गोल केलेला आहे. अंगठा त्याच ओळीखाली. ओळी वरून मोजल्या. खालूनही मोजल्या.

चौदावी.

बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, वहिनी सांगत होत्या, टॅक्सीत बसल्यावर दादा फक्त एवढंच म्हणाले, ह्याची चौदावी राहिली, आणि मला बोलताही आलं नाही. मी विचारलं, हसून म्हणाला का. ती म्हणाली, नाही, ते मी विचारलं होतं. हसून नाही.

त्याने तो कागद शेवटपर्यंत वाचला होता. आमच्या चौघांत त्याने एकट्याने.

दुसरा फोटो बाजूने काढलेला आहे. एकीकडे दादा, आई आणि माझी रिकामी खुर्ची. दुसरीकडे तिपाई, तिच्यावर काळा कपडा, खाली माझे दोन पाय. कपडा उलटा पडला होता. पांढरी अक्षरं बाहेर, अगदी स्पष्ट: हात लावू नये.

हाच फोटो आईने मोठा करून घेतला आणि तिच्या नव्या खोलीत पलंगासमोर लावला. मी म्हटलं, पहिल्यात तर तिघांचे चेहरे आहेत. बायको म्हणाली, वहिनींनी तेच सांगितलं, तर आई म्हणाल्या, त्यात तो रागावलाय. ह्यात कामात आहे.

चहा गार झाला. प्यायलो.

६ एप्रिल

कपडा परत केला. स्टोअरच्या बाईंनी उलगडून बघितला. एका अक्षराचा दोरा सुटला होता. विचारलं, कुणी हात लावला होता का. मी म्हटलं, नाही, कुणीच नाही.

कॅमेरा माळ्यावर ठेवला. तात्पुरता. अकॉर्डियन जरा सरकवावं लागलं.

९ एप्रिल

दादाची माफी मागायची. ह्यात संदिग्ध काही नाही. पाय नव्हता, बाकी जे बोललो तेही काढून ठेवलं आहे, वेगळ्या कागदावर, ओळींना क्रमांक देऊन. पत्र लिहावं की फोन करावा यावर विचार केला. पत्र जास्त नेमकं असतं, पण उत्तम कागद आणि चांगलं पेन बघावं लागेल. एक जुनं पेन बेतात मिळतंय असं दिसलं. जाहिरात बंद केली. फोनच करायचा. उद्या.

१० एप्रिल

आज नको. तो शुक्रवारी दमलेला असतो.

११ एप्रिल

फोनच्या पायऱ्या पाडल्या. एकूण नऊ. एक, नमस्कार नको, सरळ दादा म्हणायचं. दोन, आईचे गुडघे. तीन, तिची औषधं. चार, लिफ्ट. पाच, फोटो मिळाल्याचं सांगणे. सहा, माफी. सात, त्याला बोलू देणे, मधे हात वर न करणे. आठ, वहिनीला नमस्कार. नऊ, ठेवणे.

न्हाणीघरात उभं राहून सराव केला. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती, म्हणून सहावी सरावात घेतली नाही. असे शब्द एकदाच वापरायचे असतात, सरावाने गुळगुळीत होतात. पाचव्यावरून सरळ सातवी. सहा वेळा केला. आवाज नीट लागला.

१२ एप्रिल, सकाळी ११

फोन केला. पहिल्या रिंगला उचलला त्याने. कागद माझ्यासमोर होता. गुडघे बरे आहेत. औषधं वेळेवर. लिफ्ट परवा दोन तास बंद होती, तेव्हा आई मजेत म्हणाली म्हणे, मला काय, मी तीन मजलेवाली आहे. आम्ही दोघं हसलो. फोटो मिळाल्याचं मी सांगितलं. तो म्हणाला, आई येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, हा माझा धाकटा, कपड्याखाली. मग त्याला बोलू दिलं. तो अठरा मिनिटं बोलला, मी एकदाही मधे पडलो नाही. फार सुरळीत झालं. इतकं सुरळीत आमचं कधीच झालं नव्हतं. वहिनीला नमस्कार सांगितला.

ठेवता ठेवता तो म्हणाला, तुझ्याकडे कागद असेलच समोर. सगळं झालं ना रे.

मी म्हटलं, झालं.

मग फोन ठेवला आणि कागद बघितला.